लपवलेला ताप

चौथीत शाळा सुटली नि मी कोकणातून अकोल्याच्या कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आलो. त्या साली अकोल्यात प्लेग होता. तापकऱ्याला गावाबाहेरच्या छपरात नेत. तिथं मेलो तर घरी कळवणार कोण, म्हणून थंडी भरताच मी कापसाच्या गंजीआड दडलो.

साथरोगांचा कोर्स केलेला एक तपासनीस नेमका तिथंच आला. माझ्याच लोट्यातलं पाणी मागून प्याला. "आमाले हेच शिकवलं," तो हसला, "पहिले पानी मागा, रोग्याचं भेव जाते, मंग नाडी." हात चोळून गरम केले, नाडी पाहिली नि माझ्या काखा, जांघा चाचपल्या.

"प्लेगची गाठ नाही. दिवसाआड हुडहुडी भरते?"

"हो."

"मंग हिवताप हाय, लेका! ताप काय चोरीचा माल हाय, काहून लपवून राहिला?"

त्याचं नाव विचारायचं सुचलंच नाही. त्यानं दिलेलं कडूजहर कोयनेलचं औषध मी प्रसादासारखं जिभेवर घोळवून गिळलं.