केवलरामचा बिनफटीचा खुराडा

केवलरामनं केलेली वस्तू मोडली असं आमच्या केशोरीत कोणी सांगितलं, तर तो माणूस खोटं बोलून राहिला असं खुशाल समजावं. त्याची खाट अंगणातून ओसरीत न्यायला चार माणसं लागतात. त्यानं बैलासाठी ठोकलेला खुंटा बैल विकल्यावर उपटता येईना, म्हणून अजून अंगणात उभा आहे. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच कुंपण, त्यामुळं हे सगळं मला फुकटात बघायला मिळालं. मी म्हणायचो, "केवल्या, तू मेलास तर तिरडी दुसऱ्याकडून बांधून घेऊ बाबा. तुझ्या हातची आमच्यानं उचलणार नाही." तो तोंड मिटून हसायचा आणि खिळा ठोकत राहायचा.

दोन एकर धान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, बायको रुख्मा आणि एकुलती पिंकी, एवढाच त्याचा पसारा. बोलणं त्याहून कमी.

२००७ च्या उन्हाळ्यात पिंकीचं लग्न झालं. पंगतीसाठी रुख्मावहिनीनं वर्षभर गावरान कोंबड्या पोसल्या होत्या. लग्न आठ दिवसांवर आलं आणि रानमांजर बांबूची ताटी फाडून खुराड्यात शिरलं. खाल्ल्या दोन, मारल्या सगळ्या. मग बाजारातून बॉयलर आणावा लागला. पोल्ट्रीच्या पांढऱ्या कोंबडीला आमच्याकडं बॉयलरच म्हणतात.

नवरदेवाचे वडील केशोराव सौंदडचे. गावाला रेल्वे स्टेशन, त्यामुळं माणूस जरा ऐटीतला. भर पंगतीत त्यांनी तंगडी वर धरली आणि विचारलं, "का जी व्याही, तुमच्या जंगलात बी बॉयलरच चरते का?"

सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं, पण दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मी त्याला "काय बॉयलर, झोप झाली का गा?" अशी हाक मारली आणि ते नाव गावाला देऊन टाकलं. पोरंटोरं त्याला बॉयलरमामा म्हणू लागली. त्यानं कोणाला कधी उलट उत्तर दिलं नाही.

पुढच्या वर्षी पिंकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बारसंही केशोरीत आणि पंगतीला सौंदडची माणसं. केवलराम मला कुंपणावरून म्हणाला, "या वेळी व्याह्याच्या ताटात माह्या घरचा कोंबडा." त्या वर्षातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य तेच असावं.

पिल्लं आणली, वाढवली आणि धान कापून झाल्याबरोबर त्यानं खुराडा बांधायला घेतला. मुंगूस खालून उकरतं म्हणून हातभर खोल चर खणला, त्यात दगड ठासले. वर विटांची भिंत. कोल्हा दार ओरबाडतो म्हणून पत्र्याचं दार, त्याला दोन कड्या. ऐनाच्या लाकडाचे वासे, वर कौलं, कौलांखाली पुन्हा जाळी. वरच्या अंगाला हवेसाठी वीतभर खिडकी ठेवली. तिला एवढी बारीक जाळी, की माझं बोटही आत जाईना. मी घालून पाहिलं ना!

गावातली माणसं तो खुराडा बघायला येऊ लागली. आता कौतुक दुसऱ्याचं चाललेलं असताना माझ्यासारख्याला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "वाघाचा बंदोबस्त केला गा, पण थंडीले खिडकी सोडली. त्या वाटेनं गारठा शिरन अन् बारशाच्या पहिलेच तुह्या कोंबड्यांची कुल्फी होईन!"

लोक हसले. केवलराम हसला नाही. त्यानं मान वर करून खिडकीकडं पाहिलं. संध्याकाळपर्यंत तेलाच्या पिप्याचा पत्रा तिच्यावर ठोकलेला होता आणि कडेनं शेणमाती लिंपलेली होती. मला मजा वाटली. घरी जाऊन बायकोला सांगितलं, "बॉयलरनं माझं ऐकलं."

पौषात पिंकीला मुलगा झाला. त्या वर्षी थंडी अशी, की सकाळी तणसाच्या ढिगावर दंव पांढरं दिसायचं. बारशाला चार दिवस उरले आणि एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, कुडकुडून मेली. उरल्या बावीस. घरात बाळ-बाळंतीण, तिथं कोंबड्या घेता येईनात. पिंकीच्या खाटेखाली गोरसी होती. मातीच्या पसरट भांड्यात निखारे, वर धानाचा भुसा, म्हणजे सकाळपर्यंत धुमसत राहतं. बाळंतिणीला शेक द्यायची आमच्याकडची ही रीतच आहे. केवलरामनं तशीच दुसरी गोरसी भरली, खुराड्यात ठेवली आणि दोन्ही कड्या घातल्या. लेकीला मानवतं ते कोंबड्यांना का मानवू नये, असा त्याचा सरळ हिशोब. पण बाळंतिणीच्या खोलीची कौलं फुटकी होती. ती नीट करायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

सकाळी कोंबडा आरवला नाही. मी दातण चावत कुंपणाशी आलो तर केवलराम खुराड्याच्या दारात ओणवा. आत बावीसही निजल्यासारख्या पडलेल्या. रक्त नाही, एक पीस विस्कटलेलं नाही. तो बोटांनी जाळी चाचपत होता, विटांचे सांधे तपासत होता.

"कुठून शिरलं?" तो म्हणाला. "कुठून शिरलं गा? मी तं एक फट ठेवली नाही."

रुख्मावहिनीनं वाकून गोरसी बाहेर ओढली. "अजी, शिरलं काहीच नाही," ती म्हणाली. "हवा बी नाही शिरली."

त्यानं हळूच त्या पिप्याच्या पत्र्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी दातण थुंकायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

कोणी म्हणालं, मांस चांगलं आहे, आजच शिजवा. त्यानं ऐकलं नाही. खड्डा खणला, तोही नको तेवढा खोल.

बारशाला पुन्हा बॉयलर आला. केशोराव पंगतीत बसले. वाढपी केवलराम स्वतः. व्याह्यांच्या ताटात तुकडे वाढले आणि पातेलं हातात धरून तिथंच उभा राहिला. केशोरावांना बहुतेक सुनेनं सगळं सांगितलं असावं. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं, एकदा "बेस झाला जी रस्सा" म्हणाले आणि भात मागितला. केवलराम तरी हलेना. शिवी खायला उभा राहावा तसा उभा. पंगतीत कोणी वर बघेना.

मग तो माझ्या ताटाशी आला. पळी बुडवली, वाढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता काऊन चूप बसला? बोल ना गा. तू तं बोल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला बोल म्हटलं होतं. मी मान खाली घालून रस्सा भातात कालवू लागलो.