हार्लनच्या पाठीवरचं कार्ड

हार्लन केप्नरचा डावा गुडघा हा आमच्या डोंगरपट्ट्यात सार्वजनिक विषय होता. हवा, गाडीखाली आलेली हरणं आणि हार्लनचा गुडघा, या तीन गोष्टींवर कुणीही कुणाशीही बोलावं. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. क्लच दाबून दाबून गुडघ्याची वाट लागली, असं तो म्हणायचा. डोरीन, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की क्लचने नाही, हट्टीपणाने लागली.

गुडघा दुखतो याचं हार्लनला फार काही वाटत नव्हतं. दुःख होतं ते कड्याचं. आमच्या शिकारीच्या कॅम्पच्या मागे उभा चढ आहे, वर एक जुना ओक आहे आणि त्या ओकाला पाठ लावून हार्लन बाराव्या वर्षापासून हरणांच्या मोसमात बसत आला होता. आधी बापाबरोबर, मग एकटा. गेली तीन वर्षं मात्र तो चढ त्याला चढवत नव्हता. बाकीचे पहाटे बंदुका घेऊन वर जायचे आणि हार्लन खाली खोपटात बटाटे सोलत बसायचा. पेन्सिल्व्हेनियातल्या माणसाला मोसमाच्या पहिल्या दिवशी बटाटे सोलायला लावण्यापेक्षा सरळ पुरावं, ते बरं. तिसऱ्या वर्षी कॅम्पचा कारभारी बॉइड स्ट्रॉसर याने त्याला नवीन सोलणं भेट दिलं, वर लाल रिबीन बांधून. हार्लन हसला, पण त्या रात्री जेवला नाही.

डोरीनने उपाय सुरू केला. सफरचंदाच्या सिरक्यात भिजवलेली कोबीची पानं गुडघ्याला बांधायची आणि वर जुना लोकरी मोजा. हा तिच्या आजीचा उपाय. हार्लनच्या अंगाला कोशिंबिरीचा वास यायला लागला, गुडघा होता तिथेच राहिला. चर्चमध्ये लोक एक बाक सोडून बसायला लागले.

शेवटी उन्हाळ्यात, डोरीन टोमॅटोच्या बरण्या भरण्यात गुंतली असताना, हार्लनने गाडीत बसून गुपचूप डॉक्टरला फोन लावला. राज्याने आता गांजाचं औषधी कार्ड द्यायला सुरुवात केली होती, हे त्याने न्हाव्याकडे ऐकलं होतं. आधी राज्याकडे नाव नोंदवायचं, मग डॉक्टरने दुखणं खरं आहे म्हणून लिहून द्यायचं, की कार्ड पोस्टाने घरी.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. कधीपासून दुखतं, किती दुखतं, जिन्यावर कसं होतं. हार्लनने कड्याबद्दलच जास्त सांगितलं.

"मिळेल तुम्हाला कार्ड," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगते, केप्नर. घरात बंदूक आहे का?"

"बाई, मी पेन्सिल्व्हेनियात राहतो."

"तेच म्हणते मी. राज्य हे औषध घ्या म्हणतं. पण केंद्र सरकार अजून याला गुन्हाच समजतं. त्यांच्या कायद्याने गांजा घेणाऱ्याने बंदूक बाळगायची नाही. कार्ड असलं तरी नाही."

"म्हणजे बापाने हो म्हटलं आणि आईने नाही?"

"असंच काहीसं."

"मग पोराने करायचं काय?"

"ते पोराने ठरवायचं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

आता बघा, गुडघा बरा झाला तर कडा चढता येणार, पण बंदूक नाही. बंदूक ठेवली तर कडा नाही. हार्लनने बराच विचार केला आणि दोन्ही ठेवायचं ठरवलं. कुणाला सांगायचंच नाही. भला माणूस, पण अक्कल बेतास बात.

कार्ड आलं. पलीकडच्या गावात औषधाचं दुकान होतं, तिथल्या मुलीने जिभेखाली घ्यायचे थेंब दिले, रात्री झोपताना. पंधरा दिवसांत हार्लन जिना उतरला तो कठडा न धरता. महिन्याभरात कुत्र्यामागे पळाला. डोरीन दारात उभी राहून बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंस? कोबी!" ती म्हणाली.

आता काय सांगणार तो? डोरीनने तोवर चर्चमधल्या निम्म्या बायकांना कृती लिहून दिली होती. दुकानातला कोबी संपला होता. हार्लन मुकाट्याने दर रात्री पानं बांधून घ्यायचा, ती झोपली की थेंब घ्यायचा आणि आपण जगातला सगळ्यात खोटा माणूस आहोत असा विचार करत पडून राहायचा.

प्रश्न होता कार्ड ठेवायचं कुठे. पाकिटात डोरीन हात घालते, खणात डोरीन हात घालते, गाडी डोरीनचीच. आणि इथे हार्लनच्या डोक्यात ती नामी युक्ती आली. आमच्याकडे पूर्वी शिकारीचा परवाना पाठीवर लावायचा कायदा होता. प्लास्टिकच्या खिशात परवाना घालायचा आणि कोटाच्या पाठीवर बरोबर मधोमध टाचायचा, म्हणजे वनरक्षकाला लांबून दिसतो. तो कायदा जाऊन बरीच वर्षं झाली, पण हार्लनच्या वयाच्या माणसांना पाठीवर परवाना नसला तर उघडं फिरल्यासारखं वाटतं. त्या खिशाला वर्षभर कुणी शिवत नाही. हार्लनने परवान्याच्या मागे कार्ड सारलं. जिकडेतिकडे शोधलं तरी तिथे कोण बघणार!

फक्त तो खिसा दोन्ही बाजूंनी पारदर्शक होता. आणि स्वतःच्या पाठीपर्यंत कुणाचाच हात पोचत नाही, त्यामुळे चव्वेचाळीस वर्षं तो टाचायचं काम डोरीनचं.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, बंबखान्यात शिकाऱ्यांची न्याहारी असते. खाऊन सगळे परस्पर कॅम्पवर जातात, कारण शनिवारी मोसम सुरू होतो. डोरीनने घाईघाईत, चष्मा कपाळावर, पिना तोंडात, खिसा टाचला. उलटा.

हार्लन ऐटीत आत शिरला. लंगडणं नाही, काही नाही. त्याला वाटलं, लोक चालच बघतायत. रांगेत त्याच्या मागे दोनजण खुसखुसले. ताटलीत वाढणाऱ्या बाईने कुट्टूच्या पिठाचे दोनाऐवजी पाच पॅनकेक टाकले आणि डोळा मारला.

"खा बाबा, भूक लागत असेल."

"लागते खरी," हार्लन भाबडेपणाने म्हणाला.

टेबलाशी न्हावी वाकून कानात म्हणाला, "छाती आहे बुवा तुझी! मी असतो तर लपवून ठेवलं असतं."

"काय लपवलं असतं?"

तेवढ्यात बॉइड आला. बॉइड तीस वर्षं वनखात्याचा मानसेवी रक्षक होता. नियमांचं पुस्तक खिशात घेऊन फिरणारा माणूस. सूर्यास्तानंतर चार मिनिटांनी गोळी झाडली म्हणून त्याने सख्ख्या मेव्हण्याचं नाव वर कळवलं होतं. समोर पाठ दिसली की ती वाचायची, ही त्याची जुनी खोड. त्याने चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं.

"पेन्सिल्व्हेनिया राज्य. वैद्यकीय गांजा. रुग्ण, हार्लन केप्नर. मुदत..."

सगळा बंबखाना वळून बघू लागला. हार्लन हात मागे नेऊन पाठ चाचपू लागला, हात पोचेना, म्हणून तो जागच्या जागी गोल फिरू लागला. त्यामुळे ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनाही वाचता आलं.

न्याहारीला वाढायला आलेली डोरीन कॉफीची किटली घेऊन पुढे आली. तिने कार्ड बघितलं. मग गुडघा बघितला.

"म्हणजे कोबी नाही?"

"थोडा कोबीही असेल गं," हार्लन म्हणाला.

"मेल्या! तीस जणींना कृती दिली मी! पाद्र्याच्या बायकोने सिरक्याचं पिंप आणलंय!" ती ओरडली. मग खुर्चीवर बसली आणि एप्रनने डोळे पुसले. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू इतकी खुश होतीस," तो म्हणाला. तिने त्याच्या ताटलीतला एक पॅनकेक उचलून स्वतः खाल्ला.

बॉइड अजून उभाच होता. "बंदूक गाडीत आहे?"

"आहे."

"बापाची?"

"बापाचीच."

"हार्लन, तुला कायदा माहितीये."

"माहितीये रे."

"मग टॅमीला बोलव. आत्ता."

टॅमी म्हणजे हार्लनची मुलगी. वीस मिनिटांत आली, बंदूक तिच्या ताब्यात गेली. ती हार्लनपेक्षा बरी नेमबाज, बंदूक चांगल्या हातात पडली, हे सगळं त्याला पटत होतं. तरी तिची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला आणि मला सांगायला लाज वाटत नाही, तो रडला. पाय धड झाला होता आणि आता वर जायला कारणच उरलं नव्हतं. कॅम्पवर तो त्या वर्षी गेलाच नाही. बॉइडचं तोंड बघायचं नाही, अशी शपथही घेतली.

तीन आठवड्यांनी बॉइडच दारात. हातात एक लांबलचक गुंडाळी, काखेत पुस्तकं. डोरीनने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"मी वाचत होतो," बॉइड उंबऱ्यातूनच म्हणाला. "केंद्राचा कायदा. सगळा. झोप उडाली माझी. आता हे ऐक, हार्लन. बंदूक म्हणजे काय, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि ही," त्याने गुंडाळी सोडली, "ही त्यांच्या हिशेबी बंदूकच नाही."

आत ठासणीची बंदूक होती. चकमकीची. वरून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, घोडा ओढला की गारगोटीची ठिणगी पडते. अडीचशे वर्षांपूर्वीची पद्धत. नाताळनंतर आमच्याकडे तिच्यासाठी वेगळा मोसमच असतो.

"मग ही काय आहे?" डोरीनने विचारलं.

"जुनी वस्तू," बॉइड गंभीरपणे म्हणाला. "तुमच्या त्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखी."

डोरीन बाजूला झाली. "ये आत. पाय पुस."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दोघं कॅम्पवर गेले. गुडघाभर बर्फ. पायथ्याशी बॉइडने विचारलं, "सकाळी थेंब घेतले नाहीस ना?"

"काल रात्री घेतले. तू येतोस ना वर?"

बॉइड चढाकडे बघत राहिला. "खुब्याने दगा दिलाय. गेल्या मोसमात निम्म्यातूनच परतलो. कुणाला बोललो नाही." तो ओंडक्यावर बसला. "जा तू."

हार्लन चढला. हळूहळू, थांबत, शिव्या देत, पण चढला. ओकाला पाठ लावून बसला. श्वास जागेवर आला तोच समोर नर येऊन उभा, आठ टोकांची शिंगं, वीस पावलांवर. हार्लनने नेम धरला, घोडा ओढला. चक. फुस्स. बर्फाने दारू ओली झालेली. नराने मान वळवून बघितलं आणि काही घाई नसल्यासारखा निघून गेला. हार्लन हसत सुटला. पोट धरून, मोठ्याने, अख्ख्या दरीला ऐकू जाईल असा.

"मिळालं का हरीण?" खालून बॉइड ओरडला.

"नाही!"

"मग हसतोस कशाला, गाढवा?"

"अरे, वर पोचलोय ना!"

मग बॉइड पुन्हा ओरडला, पण या वेळी जरा हळू.

"हार्लन! मला कार्ड मिळायला किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे! पण आधी तुझ्या बंदुका कुणाला द्यायच्या ते ठरव!"

बॉइडच्या घरी अकरा बंदुका होत्या. ओंडक्यावर बसूनच तो एकेकीचं नाव घेत, कुणाला कुठली द्यायची ते बोटांवर मोजू लागला.