फोटोपुरती गाडी

मला बसची शिसारी आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की म्हातारीला जुन्या दिवसांची ओढ लागली आहे. तसलं काही नाही. राजूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर बाई होते. राहायला राजूरला एक खोली. सकाळच्या गाडीने वर जायचं, संध्याकाळच्या गाडीने खाली यायचं, असं करत नोकरीची बरीच वर्षं मी नाक दाबून काढली. बाजाराच्या दिवशी गाडीत आधी सुकटीच्या पाट्या चढायच्या, मग पाय बांधलेल्या कोंबड्या आणि उरलेल्या जागेत माणसं. घाट लागला की मागच्या बाकावर कुणी ना कुणी ओकायचंच. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश व्हावं, तर पुढच्या खिडकीतला गृहस्थ गुटख्याची पिचकारी टाकायचा आणि तिचे शिंतोडे वाऱ्याने माझ्या चष्म्यावर यायचे. पदराच्या टोकाला लिंबू बांधून ते हुंगत बसायची मी. स्टँडवरच्या मुतारीबद्दल लिहीत नाही, आत्ताच जेवून उठले आहे.

तर अशी ती गाडी. पण ती होती, हेही तितकंच खरं. ती सकाळी वर यायची, शाळेपुढच्या वडाला वळसा घालून लगेच खाली निघायची, संध्याकाळी पुन्हा तसंच. खाली जाताना तिच्यात राजूरच्या कॉलेजची पोरं असायची. लॉकडाऊनमध्ये ती बंद झाली आणि नंतर सुरूच झाली नाही. गावाने अर्ज दिले. प्रवासी मिळत नाहीत, असं उत्तर आलं. गाडीच नाही तर प्रवासी काय रस्त्यावर उभं राहून मिळणार होते? आता बाजाराच्या दिवशी एक जीप येते. एरवी ज्याच्याकडे मोटरसायकल आहे तो जातो, नाही तो चालतो किंवा जातच नाही.

निवृत्त होऊन मी नगरला मुलाकडे आले. तिथे मुलाच्या ओळखीतल्या काही लोकांना जुन्या बसगाड्यांचा नाद होता. नाद म्हणजे चांगलाच. भंगारात निघालेली एक लांब नाकाची गाडी त्यांनी विकत घेतली होती, तिला लाल-पिवळा रंग दिला होता, घंटीची दोरी, रेक्झिनचे बाक, पत्र्याच्या पाट्या, सगळं शोधून शोधून बसवलं होतं. त्यांचे मेळावे भरत. त्यात गाड्या ओळीने उभ्या करायच्या, हॉर्न वाजवून दाखवायचे, इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकायचा. मी एकदा गेले होते. एक भरल्या अंगाचा गृहस्थ बाकाला नाक लावून वास घेत होता आणि म्हणत होता, सगळं जमलंय पण तो जुना वास काही येत नाही. मला सांगावंसं वाटलं की बाबा रे, दोन बायका आणि एक लहान मूल घाटात ओकू देत, येईल वास. मुलाच्या ओळखीचे लोक म्हणून गप्प बसले.

त्यांनीच जूनमध्ये एक सहल काढली. डोंगरातल्या बंद पडलेल्या मार्गांवर जुनी गाडी न्यायची, जुन्या प्रवाशांना बरोबर घ्यायचं आणि त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. माझं गाव त्यांच्या यादीत आलं आणि जुनी प्रवासी म्हणून मीही आले. मी हो म्हटलं ते आठवणींसाठी नव्हे. आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी जी बाई होती, तिचा आठ दिवसांपूर्वी फोन आला होता. तिची मुलगी चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली होती. दहावीपर्यंत ती शेजारच्या गावी चालत गेली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. अकरावी मात्र राजूरलाच. बाप म्हणत होता, गाडी असती तर पाठवली असती, वसतिगृहात ठेवणार नाही आणि घाट एकटीला उतरू देणार नाही. कुणी समजावलं तर ऐकेल, तुम्ही या, असं तिच्या आईचं म्हणणं. मी त्या बापाला समजवायला निघाले होते. गाडी फुकट वर जात होती, तेवढाच तिचा उपयोग.

बसवर जीव टाकणारी ही मंडळी राजूरपर्यंत आपापल्या एसी गाड्यांतून आली. जुन्या बसमध्ये बसली ती घाटाच्या पायथ्याला. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, छातीवर बसचं चित्र. एकाने भाड्याने आणलेला खाकी ड्रेस घालून चालकाची जागा घेतली, दुसऱ्याने गळ्यात तिकिटांची लाकडी पेटी अडकवली आणि चिमटा टकटक वाजवू लागला. माझ्या शेजारच्या तरुण बाईने खिडकीबाहेर हात काढून ड्रोनला टाटा केला. मध्येच गाडी थांबवून, खाली उतरून, तीच गाडी तेच वळण पुन्हा घेताना त्यांनी चित्रित केली. त्यात एकाला मळमळायला लागलं, तर बाकीच्यांनी त्याचंही शूटिंग केलं. मला किळस आली ती उलटीची नव्हे. उलटी बिचाऱ्याची खरी होती.

गाव आलं आणि मला आधी काही कळेनाच. वडाखाली रांगोळी काढलेली होती. सरपंच नवा सदरा घालून उभे. लेझीम. बायका ओवाळणीची ताटं घेऊन आलेल्या. गावात पहिल्यांदा बस येते तेव्हा आमच्याकडे असंच करतात. बसला हार घालायचा, चाकापुढे नारळ फोडायचा, चालक-वाहकाला टोपी आणि टॉवेल द्यायचा, बायकांनी त्यांना ओवाळायचं. मी नोकरीला लागले त्याच्या आधी त्या गावात ते एकदाच झालं होतं आणि म्हातारे ते सांगत असत. टी-शर्टवाल्यांना वाटलं, हे आपलं स्वागत. किती गोड माणसं, किती ओरिजनल, असं चाललं होतं. सगळ्यांचे फोन वर.

मग माझी नजर बसच्या कपाळावरच्या पाटीवर गेली. हौसेने त्यांनी ती जुन्या अक्षरांत रंगवून घेतली होती, राजूर आणि पुढे आमच्या गावाचं नाव. तरीही मी म्हटलं, पाटी बघून एवढी रांगोळी कोण काढेल? तेवढ्यात खिचडीवाली बाई धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि सांगू लागली. सरपंचांच्या फोनवर निरोप आला होता, रविवारी आपली गाडी पुन्हा गावात येतेय, सगळ्यांनी स्वागताला या. तो निरोप त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून वाचून दाखवला होता. गाव तीन दिवस तयारी करत होतं.

तिची मुलगी तोवर गाडीत जाऊन बसलीसुद्धा होती. दोन वेण्या, इस्त्री केलेला ड्रेस, मांडीवर एक कापडी पिशवी. पेटीवाला वाहक तिच्यापुढे गेला, कॅमेरा त्याच्या खांद्यावरून डोकावला. त्याने नाटकी आवाजात विचारलं, कुठं जायचं ताई? ती म्हणाली, राजूर, कॉलेजला. त्याने तिकीट टोचून तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"पास चालंल ना? मुलींना फुकट हाय म्हनत्यात."

सगळे हसले. वाईट हेतूने नव्हे, कौतुकाने हसले, आणि ते मला जास्त झोंबलं. तीही हसली. तिला वाटलं, पास चालतो.

मी त्यांच्या म्होरक्याला बाजूला घेतलं. चाळिशीचा, दाढी कोरलेली, पुण्यात मोठ्या पगारावर असलेला माणूस. त्याला म्हटलं, या लोकांना वाटतंय की गाडी सुरू झाली. त्याने आपलाच निरोप फोनवर काढून वाचला आणि त्याचा चेहरा जरा उतरला. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग त्याने लेझीमकडे पाहिलं, ड्रोनकडे पाहिलं आणि माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, एवढं शूट होऊ द्या. इतकं नॅचरल पुन्हा मिळणार नाही. जाताना आपण समजावून सांगू."

मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. शाळेच्या संडासात मेलेलं कुत्रं मी स्वतः काढलेलं आहे. पण त्या माणसाच्या तोंडातून आलेल्या शब्दांची वाटली तशी घाण मला कशाचीच वाटली नव्हती. वर परत वेलचीचा वास. तो वेलची चघळत होता.

मुलीचा बाप पुढे झाला होता. चालकाला द्यायचा टॉवेल त्याच्याच हातात दिला होता, कारण अर्जावर पहिली सही त्याची असे. खाकीवाल्याने नेमकी मान वाकवून टॉवेल गळ्यात घेतला. नारळ फुटला. बाप वळला, मला पाहिलं, हात जोडले. त्याचे डोळे भरलेले होते आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

"बाई, तुमी समजवायला आला असाल. आता गरज न्हाई. उद्यापासनं पाठवतो तिला."

म्होरक्या माझ्याकडे बघत होता, नजरेने थांबा थांबा म्हणत होता. थांबण्यासारखं काय होतं? दुपारी सगळे निघून गेल्यावर या माणसाने सकाळी पोरीला वडाखाली आणून उभं करायचं, आणि वाट बघायची?

"उद्या गाडी येणार नाही," मी म्हटलं. "ही सुरू झालेली गाडी नाही. हे लोक हौसेने जुनी गाडी घेऊन फिरतात. आज जाणार, परत येणार नाहीत."

लेझीम लगेच थांबली नाही, मागच्या पोरांना ऐकूच गेलं नव्हतं. ती थोडा वेळ वाजत राहिली. सरपंच फोन काढून तो निरोप पुन्हा वाचू लागले. बापाने खाकीवाल्याकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या टॉवेलकडे पाहिलं.

"मग आज कशाला आनली?"

म्होरक्या समजावू लागला. ही आपल्या सगळ्यांची आठवण आहे, हा वारसा आहे, नव्या पिढीला कळायला हवं. चांगलं बोलत होता, बोलायची सवय असावी. बाप ऐकत राहिला. त्याने टॉवेल परत मागितला नाही, दिलेली वस्तू मागायची नसते म्हणून. फक्त गाडीच्या दाराशी गेला आणि पोरीला म्हणाला, उतर. ती उतरली नाही. मग पेटीवाला वाहक आत गेला आणि तिला अगदी प्रेमाने सांगितलं की सगळ्या सीटा बुक आहेत, तिकीट मात्र तू ठेव, आठवण म्हणून. तेव्हा ती उतरली. तिकीट तिने बाकावर ठेवलं.

फोडलेल्या नारळाचं काय करायचं, हा प्रश्न मग बायकांना पडला. देवाच्या नावाने फोडलाय, वाटायला तर हवा. खिचडीवालीने स्वतः तुकडे केले आणि ताट घेऊन सगळ्यांपुढे फिरली, टी-शर्टवाल्यांपुढेही. त्यांनी खाल्ला. एकीने तर आणखी एक तुकडा मागून घेतला. माझ्या हातातला तुकडा मी तोंडाशी नेला आणि तसाच पदरात बांधला.

त्या गाडीत मी परत पाऊल ठेवलं नाही. बापाशी बोलले, घराच्या ओट्यावर बसून बराच वेळ बोलले. वसतिगृह, पाहुण्यांकडे ठेवणं, दोघी-तिघींनी मिळून चालत जाणं, सगळं सांगून पाहिलं. तो चिडला असता तर सोपं होतं. तो फक्त म्हणाला, "बाई, आज सगळ्या गावासमोर मी पाठवतो म्हनलो, आन् सगळ्या गावासमोर माझं हसं झालं. आता परत काय बोलू?" मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. गावातल्या एका पोराने मला मोटरसायकलवर राजूरला सोडलं.

जुलैत तिच्या आईचा फोन आला. पोरगी भातलावणीला जाते, म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात सुनेने मला एक व्हिडिओ दाखवला. आई, हे तुमचंच गाव ना, बघा किती सुंदर केलंय. संगीत घातलेलं होतं. घाट, ड्रोन, रांगोळी, नारळ, टॉवेल. मी बोलले तो भाग अर्थातच नव्हता. शेवटी पडदाभर त्या मुलीचा चेहरा, दोन वेण्या, पास चालंल ना, आणि मग हसणारी ती, आणि चित्र तिथंच थांबवलेलं. खाली लाल बदामांची रांग आणि बघणाऱ्यांच्या ओळी. आपली माणसं किती निरागस. पुढची ट्रिप कधी?

सुनेकडून फोन घेतला आणि तिथंच खाली एक ओळ लिहिली, ही मुलगी अकरावीला गेली नाही. लिहायला मला वेळ लागला, त्या फोनवर काना-मात्रा सापडत नाहीत. संध्याकाळी सुनेने पाहिलं तर माझी ओळ तिथून काढून टाकलेली होती. मुलीचं हसू होतं तसंच आहे.