वहिनींची शंका

इलेक्ट्रॉनवर आमच्या वहिनींइतका अविश्वास त्रिभुवनात कुणी दाखवला नसेल. तशा त्या आमच्यापैकी कुणाच्याच वहिनी नव्हत्या. नांदेडला एम.एस्सी. फिजिक्सच्या वर्गात आम्ही सगळी कालपरवा बी.एस्सी. झालेली पोरं, आणि या दोन लेकरांच्या आई, रोज उमरीहून रेल्वेनं येणाऱ्या, म्हणून वहिनी. गाडीत मांडीवर क्वांटम मेकॅनिक्सचं पुस्तक उघडून त्या शेंगा सोलत वाचायच्या, त्यामुळं त्यांच्या समीकरणांत कायम फोलपटं सापडत. पटल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा त्यांचा खाक्या. कण भिंतीतून आरपार जाऊ शकतो असं सरांनी सांगितलं, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "पण कामून जातो, सर? मग भिंत कशाला बांधली?" सर बिचारे भिडस्त. "सध्या गणित करा, अर्थ नंतर बघू," म्हणाले. "नंतर म्हंजे कवा? सेमिस्टर संपून राहिलंय की!" फक्त एकदाच त्यांना लगेच पटलं. नुसतं मोजमाप केलं तरी कणाची अवस्था बदलते, हे ऐकून त्या मनापासून म्हणाल्या, "हाव, हे खरं हाय. मी समोर असले की सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी इकडं आले की त्या गल्लीभर फिरून येतात."

चाचणीत मात्र वहिनी नापास झाल्या. कुणाला काही न बोलता त्यांनी येणंच बंद केलं. त्यानंतर शिकवणं सुसाट सुटलं. एक दिवस सरांनी अख्खा धडा संपवला, "काही शंका?" विचारलं आणि त्यांची नजर वहिनींच्या रिकाम्या बाकावर गेली. मग खडू ठेवून ते मला म्हणाले, "फोन लाव रे त्यांना."

मी स्पीकर चालू केला. "न्हाई जमत सर," पलीकडून आवाज आला, "मला काहीच समजंना."

"इथं तरी कुणाला समजलंय?" सर म्हणाले. "ही पोरं विचारत नाहीत, एवढंच. तुम्ही असलात की मला घरून वाचून यावं लागतं. या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. पदरानं घाम टिपत बसल्या आणि म्हणाल्या, "भिंतीचं राहिलंय, सर." सर हसले. तो तास भिंतीतच गेला, आणि आम्हालाही ती पहिल्यांदा नीट दिसली.

वहिनी काठावर का होईना, पास झाल्या. आता उमरीतल्या शाळेत शिकवतात. मी लातूरला क्लासेसमध्ये शिकवतो. तिथल्या पोरांना सूत्र हवं असतं, तेही आखूड. मध्यंतरी हैदराबादहून नांदेडमार्गे परतताना वहिनींना कळवलं, तर उमरीच्या फलाटावर धपाट्यांचा डबा घेऊन हजर. केस पांढरे झालेले. डबा खिडकीतून देता देताच म्हणाल्या, "अरे, एक विचारायचं होतं. एकदा जुळलेले दोन कण लांब गेले, तरी त्यांचं—" आणि गाडी सुटली. त्या गाडीबरोबर चार पावलं चालल्या, हातवारे करून काहीतरी सांगत राहिल्या, मग मागं पडल्या.

फोन करून विचारता आलं असतं. पण मी खिडकीशी तसाच बसून राहिलो. कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं.