सूर्य लावलेलं टेबल

"उपास करायचा असतोय, घडायचा नसतोय," असं गुणाबाई एकदा म्हणाली होती. म्हणाली ती चुलीपुढं, स्वतःशीच. पण त्या घरात असं त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

निपाणीतलं जैन घर. दिवस बुडाल्यावर कुणी तोंडात घास घालायचा नाही. गुणाबाई एकोणिसाव्या वर्षी सून होऊन आली तेव्हा घरात नऊ माणसं होती. आधी पुरुष जेवत, मग पोरं, मग सासू धोंडूबाई. थंडीच्या दिवसांत सासू हात धुवेपर्यंत अंगणातला उजेड राखाडी होऊन जाई. गुणाबाईचं ताट झाकलेलंच राही आणि सकाळी गाईपुढं जाई. "सुनेला उपास घडला," धोंडूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "लई पुण्यवान हाय पोर." भुकेला इतकं देखणं नाव मिळाल्यावर तक्रार करायची तरी कुठल्या तोंडानं?

आता सासू नाही. दीर वेगळे झाले, लेक दीप्ती लग्न होऊन बेळगावला, वडगावात गेली. घरात दोघंच उरली. तरी नवरा नेमिनाथ बियाणांच्या दुकानातून उशिरा यायचा, ती गरम गरम वाढायची, आणि त्याचं आटपेतो दिवस बुडायचा. चौतीस वर्षांत दोघं समोरासमोर बसून एकदाही जेवली नव्हती.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला ती जेवणार होती. त्याच्यासमोर, खुर्चीवर, उजेडात.

टेबल मिळालं जुन्या सामानाच्या दुकानात, बंद पडलेल्या कुठल्याशा खानावळीचं. एक पाय आखूड होता. त्याखाली तिनं पुठ्ठ्याची घडी सारली. खुर्च्या दोन, एकीला दुसरीचं तोंड माहीत नसावं अशा. दीप्तीनं शेजारच्या साड्यांच्या मागांवरचे उरलेले तुकडे पाठवले होते, जांभळे, पोपटी, एक जरीच्या काठाचा. अकरा दुपारी बसून गुणाबाईनं ते हातानं जोडले आणि त्यांचं टेबलावर घालायचं कापड केलं. स्वतःच्या खुर्चीसाठी लग्नातल्या विरलेल्या शालूची छोटी गादी शिवली.

फुलांसाठी ती पलीकडच्या नागुबाईकडं गेली. नागुबाई बिड्या वळायची. पान कापून उरलेली कात्रणं तिच्या सुपाभोवती पडलेली असत. गुणाबाई ती वेचू लागली.

"आक्का, कचरा कशाला गोळा करतासा?"

"फुलं करणार हाय."

"कुठल्या देवाला?"

"जेवायच्या टेबलाला. पाडव्याला आमी दोघं बसणार."

नागुबाईच्या हातातली कातर थांबली. मग ती पोट धरून हसली. "टीव्हीत मेणबत्त्या लावून बसत्यात तसं व्हय? पर तुमचं जेवण दिवस हाय तवर. मग सूर्य लावून जेवा आता!"

"त्योच लावणार हाय," गुणाबाई म्हणाली. "त्याला काडी वढाय लागत न्हाय."

आणि तिनं खरंच तो लावला. चार दिवस पाच वाजता ती ऊन कुठवर येतं ते पाहत राहिली. पश्चिमेच्या खिडकीतून आलेला पट्टा जिथं थांबायचा तिथं फरशीवर खडूनं रेघ ओढली. टेबल चारदा सरकवलं. शेवटी ऊन दोन्ही ताटांच्या जागी सारखं पडलं.

पाडव्याला सकाळी ओवाळताना ती म्हणाली, "पाच वाजता या. संगं जेवू."

"बघू," नेमिनाथ म्हणाला.

"बघू न्हाय. या."

पाच वाजता दोन ताटं वाढून तयार होती. पुरणाचे कडबू, तूप, कटाची आमटी, दोडक्याची भाजी. मधे काचेच्या ग्लासात पानांची तपकिरी फुलं. ती आपल्या खुर्चीवर बसली आणि वाट पाहू लागली. पट्टा तिच्या ताटावरून सरकून कापडाच्या जरीवर आला, तेव्हा पावणेसहा झाले होते. दार वाजलं.

नेमिनाथबरोबर चिकोडीचा बाळगोंडा होता, त्याचा जुना मित्र.

"अगं, दिवस बुडाय आलाय, ह्यालाबी जेवायचं हाय. व्वा, टेबल! हाटेलच केलंस की." त्यानं गादीच्या खुर्चीची पाठ धरली. "ऊठ, ऊठ. बस रं बाळगोंडा."

ती उठली. अंगाला सवय होती, अंग उठलं. बाळगोंडा अवघडून टेकला. समोरचं ताट बघून म्हणाला, "वैनी, हे तुमचं ताट दिसतंय. तुमी कधी जेवणार?"

"तिचं काय," नेमिनाथ कडबूवर तूप ओतत म्हणाला, "आज उपास घडंल. पाडव्याचं पुण्यच की!"

गुणाबाईनं खिडकीकडं पाहिलं. ऊन भिंतीवर चढलं होतं. पण बाहेर, नागुबाईच्या कट्ट्यावर, ते अजून पसरलेलं होतं. अजून दहा मिनिटं तरी होती.

ती स्वयंपाकघरात गेली. कडबूची परात आणि आमटीचं पातेलं आणून टेबलावर ठेवलं, एक रिकामं ताटही. पळी नेमिनाथच्या हाताशी ठेवली. मग बाळगोंडाच्या पुढ्यातलं आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं.

"अगं, कुठं चाललीस?"

तिनं पदर सावरला आणि ताट न हिंदकळू देता उंबरा ओलांडून ती उन्हाकडं निघाली.