अठ्ठावीस मीटरवरचं दार

रेडिओसरांनी पहिला मार खाल्ला तो वडिलांचा. वडील वेल्डर, हात असा जड की कानाखाली बसली की तासभर डाव्या बाजूनं काही ऐकू येत नसे. आठ-नऊ वर्षांचे असताना सरांनी मार खाता खाताच विचारलं, "बाबा, हात जितका मागे नेता तितकं जास्त लागतं, असं का?" वडिलांना हा उद्धटपणा वाटला आणि त्यांनी आणखी दोन ठेवून दिल्या. प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याच्या मागे लागून पठ्ठ्या पुढे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ झाला.

म्हणजे काय, तर यंत्र नाही की प्रयोगशाळा नाही. एक खोली, एक फळा आणि दिवसभर आकडेमोड. तारे फुटतात कसे, हा विषय. पण गप्प बसायचा स्वभाव नव्हता. दर गुरुवारी सकाळी रेडिओवर बोलायचे, म्हणून नाव पडलं रेडिओसर. रविवारी शाळांच्या सभागृहात व्याख्यानं. तिथे मंचावर आडवे व्हायचे, छातीवर दगडी फरशी ठेवायला लावायचे आणि समोरच्या एखाद्या दांडग्याच्या हातात घण द्यायचे. "मार रे, भितोस काय!" फरशीचे दोन तुकडे, आणि सर धूळ झटकत उभे! "फरशी जड होती म्हणून वाचलो," असं म्हणून मग समजावून सांगायचे. एकदा एका खाटकाचा नेम चुकला आणि दोन बरगड्या गेल्या. तरी गड्यानं व्याख्यान पुरं केलं, कण्हत कण्हत का होईना.

विभागप्रमुख एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "हे भौतिकशास्त्र आहे की सर्कस?" सरांनी हातातला डस्टर फेकून मारला. चष्मा फुटला, भुवई फाटली, रक्त आलं. बढती सात वर्षं अडली ती त्यामुळे. बायको म्हणाली, "अहो, तुमचे तारे काय फुटायचे ते फुटू देत, लोकांचे चष्मे कशाला फोडता?"

या आकडेमोडवाल्यांना एक खोड असते. मोठ्यापुढे जे फार लहान, ते गणितातून सरळ खोडायचं आणि बाजूला लिहायचं, नगण्य. सूर्यापुढे पृथ्वी नगण्य, पृथ्वीपुढे डोंगर नगण्य. दिवसातून पन्नास वेळा तो शब्द त्यांच्या तोंडी यायचा. घरात, दुकानात त्याच शब्दाचा अर्थ काय होतो, हे या विद्वानाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

आणि मग कारखान्याची टाकी फुटली. सकाळी अकराला वायूगळतीचा भोंगा झाला, चार मिनिटांनी स्फोट. तीन कामगार गेले. काय सांगावं, ओळखायलासुद्धा काही उरलं नाही. टाकीच्या खोलीचं सहाशे किलोचं लोखंडी दार उडालं, भिंत कोसळली. गुरुवारी सर रेडिओवर बसले आणि ताऱ्याचा स्फोट समजावतात त्याच उत्साहात बोलले, "दार पन्नास मीटर तरी उडालं असणार. त्या ताकदीपुढे आतली माणसं नगण्य. ती सोडून द्या."

ती सोडून द्या! असं कुणी बोलतं का?

दुपारी दीडशे माणसं सरांच्या घरापुढे. सर लेंग्यावरच बाहेर आले, म्हणाले, "मी समजावतो." पहिला घाव गेलेल्या तिघांतल्या थोरल्या कामगाराच्या बायकोचा, नवऱ्याच्याच लोखंडी पान्ह्याचा. जबडा फुटला. मग काय विचारता! लाथा, विटा, सायकलचा पंप, ज्याच्या हाताला जे लागेल ते. "नगण्य काय रे? आमची माणसं नगण्य?" गुडघा उलटा वळला. बायको मध्ये पडली तर तिचंही मनगट मोडलं. पोलीस आले तेव्हा सर पायरीवर आपले दात चाचपत होते.

जबडा तारांनी बांधला. सर पाटीवर लिहून बोलू लागले. तरी खुमखुमी पाहा! पाटीवर लिहिलं, "माझं गणित बरोबर होतं. दार किती लांब पडलं ते मोजून ये."

"जबडा गेला तरी गणित जात नाही तुमचं," असं म्हणत बायको प्लास्टरमधला हात गळ्यात घेऊन गेली, शेजारणीला मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला लावलं आणि मोजून आली. "अठ्ठावीस मीटर."

सरांनी मान हलवली. शक्यच नाही. तिला परत पाठवलं. अठ्ठावीसच.

तीन दिवस त्यांनी पाटी पुसली आणि लिहिली. स्फोटाचा जोर तोच, मग दार इतकं जवळ कसं? दाराचं वजन जास्त असतं तरच. किती जास्त? उत्तर आलं दोनशे किलो. सर त्या आकड्याकडे बघत बसले आणि मग बांधलेल्या जबड्यातून घुसमटून रडायला लागले. बायको धावत आली तर पाटीवर एवढंच होतं, "तिघंही दाराला चिकटून होते. मी त्यांना खोडलं."

चौकशीच्या दिवशी ते कुबड्यांवर गेले. कारखान्याचं म्हणणं असं, की भोंगा झाला तरी तिघं टाकीमागे झोपून राहिले, चूक त्यांचीच. त्या पाळीच्या मुकादमानं शपथेवर सांगितलं होतं, "दार नुसतं लोटलेलं होतं, साहेब. ढकललं की उघडायचं." थोरल्याची बायको पुढच्या बाकावर बसली होती. सरांना बघून तिच्या मुठी वळल्या.

सर अर्ध्या तोंडानं, एकेक शब्द तोडून बोलले. "मी त्यांना हिशेबात धरलं नाही. तिथेच चुकलो. दारासोबत दोनशे किलो वजन ढकललं गेलंय. ते झोपले नव्हते. तिघंही दारावर होते. ढकलत होते."

अधिकाऱ्यानं विचारलं, "मग दार उघडलं का नाही?"

"बाहेरून बंद असेल तरच."

थोरल्याची बायको उठली. तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, बाई, त्याला कळलंसुद्धा नसेल, क्षणात गेला. त्या एवढ्याच गोष्टीवर ती महिनाभर कशीबशी जेवत होती.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

सरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान खाली घातली. खोटं बोलता आलं असतं, आणि कुणी पकडलंही नसतं.

"भोंग्यापासून," सर म्हणाले, "चार मिनिटं."

ती हलली नाही. पान्हा मारला तेव्हाही तिचा चेहरा इतका भयंकर नव्हता. मग ती हळूहळू बोलली, "तीन गडी. चार मिनिटं लोखंडी दार बडवत होते. म्हणजे ते कुणीतरी ऐकलं असणार."

आणि तिनं मान वळवली. तिच्यामागे अख्खं सभागृह वळलं. मुकादम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. अजून कुणी त्याच्याकडे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, तोच त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले.