चार फोनांची सावड

पडदा वर जातो. वडवणीतलं एक स्वयंपाकघर. डावीकडं चूल, चुलीवर तवा, मधोमध परात आणि परातीत ज्वारीचं पीठ. उजवीकडं भिंतीशी चार पातेली उपडी मांडलेली आणि एकेका पातेल्याला टेकून एकेक मोबाइल उभा केलेला. चारही मोबाइलांत एकच सर, एकाच निळ्या शर्टात, एकच वाक्य बोलतायत. फक्त प्रत्येकजण शेजारच्यापेक्षा अर्धा श्वास मागं. त्यामुळं ‘समाज’ हा शब्द त्या घरात एकदा न येता चारदा येतो, विहिरीत हाक मारल्यासारखा.

पाटावर बसून भाकरी थापणारी बाई म्हणजे आपली नायिका, मालनबाई. टाळ्या पडाव्यात अशी एंट्री तिला जन्मात मिळाली नाही. पडदा उघडावा तेव्हा ती आधीपासूनच रंगमंचावर असते आणि तिचे हात कामात असतात.

सर बोलता बोलता मधेच गोठतात आणि त्यांच्या तोंडावर चौकट उमटते, ‘आपण पाहत आहात ना?’ खाली ‘होय’. ते वेळेत दाबलं नाही तर धडा पुन्हा पहिल्यापासून. मालनबाईचे हात पिठाचे. मग ती सरकत जाऊन पहिल्या दोन फोनांना उजवं कोपर लावते, तिसऱ्याला डावं, आणि चौथा फोन मोठ्या पातेल्याला टेकून डब्यावर उंच बसलेला असल्यामुळं त्याला नाक. नाकाचं ‘होय’ कधीकधी दोनदा द्यावं लागतं. तेवढ्यात इकडं भाकरी करपते.

उंबऱ्यावर तिचा नवरा निवृत्ती चहा पीत बसलेला असायचा. एसटीत कंडक्टर, रविवारी सुट्टी, त्यामुळं हा खेळ त्याला दर चौथ्या रविवारी फुकट बघायला मिळे. त्यानं एकदा बशी खाली ठेवून विचारलंच, “मालन, एका तिकिटावर चौघीजणी चालल्यात. मधी चेकिंग लागलं म्हंजी?”

मालनबाईनं त्याला सांगितलं की चहा संपला असेल तर उंबऱ्यावरून उठावं, कंडक्टरनं दारात उभं राहायचं असतं, बसायचं नसतं.

मालनबाई अंगणवाडीची सेविका. बारावी होऊन लग्न झालं आणि तेव्हापासून अर्ध्या गावाची पोरं तिच्यापुढं ‘हात वर, हात खाली’ करत मोठी झाली. वर्षातनं काही वेळा जीपमधनं पर्यवेक्षिका यायची, रजिस्टरं चाळायची, मुलांची वजनं बघायची आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून निघून जायची. त्या सीटवर मालनबाईचा डोळा होता. जागा सेविकांतनंही भरत, पण त्याला पदवी लागे, आणि वयाची अटही असे. मालनबाईच्या हातात ही एकच खेप उरली होती. यंदा पदवी हातात आली नाही तर जीपची सीट कायमची दुसऱ्याची.

तीन वर्षांमागं विद्यापीठाच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘घरबसल्या पदवी’. मालनबाईला घरी बसलेली लग्नानंतर कुणी पाहिलं नव्हतं, तरी तिनं नाव घातलं. तिच्याबरोबर आणखी तिघी सेविकांनी घातलं. आजूबाजूच्याच गल्ल्यांतल्या. वनमाला, जिला मालनबाईच्या प्रत्येक गोष्टीत चूक सापडे आणि जिच्यावाचून मालनबाईचं पान हलत नसे. बायनाबाई, वयानं थोरली, बोलायला कमी. आणि माया, नुकतीच नोकरीला लागलेली, इंग्रजीची भीती नसलेली.

मग कळलं की घरबसल्या म्हणजे काय. एकेका विषयाचे ढीगभर व्हिडिओ, प्रत्येक व्हिडिओनंतर चाचणी, आठवड्याला स्वाध्याय, आणि वर चर्चापीठ नावाचं एक प्रकरण. तिथं दर आठवड्याला आपलं मत लिहायचं आणि दुसऱ्या दोघांच्या मतावर मत द्यायचं. अंगणवाडीत सकाळी खिचडी शिजवायची, वजनं घ्यायची, सरकारी फोनात माहिती भरायची, दुपारी शेत, आणि मग हे. पहिल्या वर्षी चौघीही चाचणी देता देता बसल्या जागी पेंगायच्या.

तोड मालनबाईनं काढली. चौघींच्या घरी थोडा थोडा कापूस, आणि वेचणी त्या सावडीनं करत. आज सगळ्या मिळून वनमालाच्या रानात, उद्या बायनाबाईच्या, परवा मालनबाईच्या. मजूर लागत नाही, आणि बोलत बोलत काम उरकतं. मालनबाई म्हणाली, रान सावडीनं होतं तर इतिहास का होऊ नये. सरकारी फोन कामाला, घरचे फोन सावडीला. एका रविवारी चारही फोन एकीच्या घरी, तिनं एक विषय चौघींच्या वतीनं बघायचा. समाजशास्त्र मालनबाईचं, इतिहास वनमालाचा, मराठी बायनाबाईची, इंग्रजी मायाची.

गाडी अशी सुसाट निघाली की विद्यापीठातनं अभिनंदनाचे मेसेज यायला लागले. हजेरी पूर्ण, स्वाध्याय पूर्ण. चर्चापीठावर तर वडवणीचं नाव झालं. ‘मालनताईंच्या मताशी मी सहमत आहे’ असं वनमाला लिहायची आणि ‘वनमालाताईंनी मोलाचा मुद्दा मांडला’ असं मालनबाई. एकदा फोनांची अदलाबदल झाली आणि वनमालाच्या नावानं वनमालाचंच तोंड भरून कौतुक छापून आलं. ते मालनबाईनं चुकून केलं की मुद्दाम, यावर पुढं महिनाभर वाद चालला. वनमालाचं म्हणणं होतं की चुकून झालं असेल, कारण मुद्दाम कौतुक करण्याची मालनबाईची जात नव्हे.

आणि शेवटच्या सत्रात, कपाशी फुटून पांढरी झालेली असताना, मेसेज आला. यंदा घरी बसून लिहायचा पेपर नाही. प्रत्येकीची तोंडी परीक्षा, फोनवर समोरासमोर, सगळ्या विषयांची. खोलीत दुसरं माणूस नको.

निवृत्तीनं मेसेज वाचला. मग कंडक्टरच्या टिचकीनं दाराच्या चौकटीवर एकदाच वाजवलं. गाडी थांबवायची खूण.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघी वनमालाच्या रानात जमल्या. बेत सोपा होता. जिनं जो विषय बघितला तो तिनं वेचता वेचता बाकीच्यांना सांगायचा. पहिली पाळी बायनाबाईची. बायनाबाईनं कमरेला ओटी बांधली, दोन बोंडं वेचली, आणि मराठी साहित्य फार जुनं आहे असं सांगितलं. पुढं काय, असं मायानं विचारलं. बायनाबाई म्हणाल्या, पुढं व्हिडिओ.

मग वनमालाला विचारलं. वनमालानं मान खाली घालून एक अख्खी ओळ वेचून काढली. माया म्हणाली, इंग्रजी लावून ती पोराला झोपवत होती आणि कितीदा तरी आधी तीच झोपली. राहिली मालनबाई. तिघींनी कापूस थांबवून तिच्याकडं बघितलं. सावड काढणारी ती. मालनबाईनं डोळे मिटले आणि समाजशास्त्र आठवून बघितलं. तिला निळा शर्ट आठवला. नाकाला लागलेला काचेचा गारवा आठवला.

“म्हंजी,” वनमाला हळूच म्हणाली, “गाड्याला चौघी जुपल्यालो, अन वढत कुणीच नव्हतं.”

सगळ्यांत आधी बायनाबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून माया, आणि मग चौघी कपाशीत बसून अशा हसल्या की शेजारच्या बांधावरचा माणूस बघायला आला. हसू ओसरल्यावर सगळ्यांत आधी मालनबाई उठून वेचायला लागली. बाकीच्या तिघींना पुढच्या वर्षी बसून चालणार होतं, तिला वयाच्या अटीमुळं नव्हतं.

त्या दिवसापासून खरी सावड लागली. भाकरी निवृत्तीनं थापायची असं ठरलं. त्या भाकरी कशा व्हायच्या ते इथं सांगण्यात अर्थ नाही. पहाटे प्रत्येकीनं आपला धडा एका फोनवर, डोळे उघडे ठेवून बघायचा आणि दुपारी रानात सांगायचा. सांगायला मात्र चौघींनाही एकच पद्धत येत होती, पोरांना शिकवायची. शब्दाला हात जोडायचा. अठराशे सत्तावनचं काडतूस वनमालानं दातानं तोडून दाखवलं, खालसा केलेली राज्यं मुठीनं गिळून दाखवली. मालनबाईनं समाजाचे स्तर उतरंडीसारखे हवेत रचले. दिवस मावळतीला रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसे, चार बाया कापसात उभ्या राहून एकदम दात विचकतात, एकदम मुठी आवळतात, आणि पुन्हा खाली वाकून वेचायला लागतात. जुन्या काळी जत्रेत कनातीमागं तालीम चालायची, तिची सर आली होती त्या रानाला. फक्त पेटी-तबला नव्हता.

परीक्षेला पहिलं नाव मालनबाईचं लागलं. निवृत्तीनं रजा टाकली आणि बाहेरून दार ओढून ओट्यावर पहारा दिला. आत पातेल्याला फोन टेकवलेला, फोनात गोल चष्म्याचे परीक्षक, दुसरेच सर.

त्यांनी अठराशे सत्तावनच्या उठावाची कारणं विचारली. मालनबाई खूश झाली. तिनं काडतूस दातांत धरलं, मूठ आवळली, तोच सरांनी थांबवलं. हातानं कुणाला खुणा करताय, खोलीत कोण आहे. मालनबाईनं फोन उचलून चारी भिंती दाखवल्या. खाट, कॅलेंडर, पातेली. सरांचं समाधान झालं नाही. हात स्थिर ठेवून उत्तर द्या म्हणाले.

मालनबाईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. आणि आश्चर्य असं, की अठराशे सत्तावनही मांडीखाली दबलं. नटी उभी आहे, वाक्य विसरलं आहे, आणि विंगेत प्रॉम्प्टर नाही.

सरांनी कागद चाळले. हजेरीत तर सगळे व्हिडिओ पूर्ण पाहिलेले दिसतायत, म्हणाले. तुम्हीच पाहिले ना?

तीच चौकट होती ही, फक्त या वेळी माणसाच्या आवाजात. ‘होय’ म्हटलं की सुटली. दोन वर्षं तिनं कोपरानं आणि नाकानं तेच म्हटलं होतं. बाहेर निवृत्तीचं खोकणं ऐकू आलं.

“न्हाई सर,” मालनबाई म्हणाली. “फोननं बघितले. मी भाकरी करीत हुते.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी विचारलं की मघाशी काडतूस वगैरे जे सांगत होतात ते कुठून आलं.

“ते मागनं शिकले, वेचणीत. आमी अंगणवाडीच्या बाया हाव सर. आमचं समदं हातात ऱ्हातं. हात सोडू का?”

कुणाकडनं शिकलात हे सरांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. हात सोडा म्हणाले. अठराशे सत्तावन पाठोपाठ बाहेर पडलं, थोडं मागचं पुढं, पण पडलं. मराठीत ती दोनदा अडखळली, इंग्रजीत त्याहून जास्त. शेवटी त्यांनी नोकरशाहीची वैशिष्ट्यं विचारली. मालनबाईनं एक कागद डाव्या हातातनं उजव्या हातात दिला, उजव्यातनं डोक्यावर ठेवला, डोक्यावरून पुन्हा डाव्या हातात घेतला, सही केली आणि उद्या या म्हणून सांगितलं. सरांनी तोंडासमोर फाइल धरली. फाइल हलत होती.

बाहेर आल्यावर तिनं काय कबूल केलं ते ऐकून वनमालानं कपाळाला हात लावला. “खरं कशापायी बोललीस, बाई? आता आमचं बी गेलं.” पण संध्याकाळी वनमालाचा परीक्षेचा फोन लागला तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधीच सर म्हणाले, हात मोकळे ठेवा.

निकाल लागला. चौघींच्याही हजेरीच्या गुणांपुढं शून्य होतं. मालनबाई काठावर पास झाली होती, पण पास झाली होती. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तिचं नाव मुदतीत गेलं. जीपचं पुढं काय होईल ते होईल. वनमालाला मालनबाईपेक्षा चार गुण जास्त पडले आणि ते तिनं कुणालाही विसरू दिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मालनबाई पुन्हा परातीपुढं बसली होती, कारण निवृत्तीच्या भाकरीला घरात कुणी दाद देईना. पातेल्यापाशी आता एकच फोन. तो वाजला आणि त्यावर चौकट उमटली, ‘आपण एम.ए.ला प्रवेश घेऊ इच्छिता का?’ खाली ‘होय’. निवृत्तीनं मजकूर मोठ्यानं वाचला, तिच्या पिठाच्या हातांकडं बघितलं, आणि सदऱ्याची बाही वर सारून आपलं कोपर फोनच्या दिशेनं नेलं.

मालनबाई भाकरी उलटवत म्हणाली, “कोपर नगं. बोटानं दाबा. या टायमाला मी बघणार हाय.”